थंडीत दुखत नाही

२१ डिसेंबर २०२५, रविवार

गुरुवारच्या पानावर चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं आहे की हाडांचे डॉक्टर म्हणाले, "थोडी सूज आहे, बाकी काही नाही, धावायला हरकत नाही." डॉक्टर मला काहीच म्हणाले नाहीत. एक्स-रे झाल्यावर मी बाहेर बाकावर बसून मोजे घालत होते आणि फिल्म घेऊन सुहासकाका आत गेले. डॉक्टर त्यांच्या शाळेतले मित्र, म्हणून नंबर लावावा लागला नाही. बाहेर येऊन काकांनी मला ते वाक्य सांगितलं. म्हणजे वाक्य काकांच्या तोंडचं आहे. अर्थ एकच, पण कोण म्हणालं ते नीट लिहायला हवं.

दुसरी, बारीक. "काका हसत बाहेर आले" असं लिहिलंय. ते आधी कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेले, पाणी प्यायले, पुन्हा पेला भरून प्यायले, आणि मग हसत माझ्याकडे आले.

चूक खोडायची नाही, तशीच ठेवायची आणि पुढे दुरुस्ती लिहायची, ही सवय काकांनीच लावलेली. मला बाळदमा होता, म्हणून तिसरीपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं. बाबा तेव्हाही बोटीवर, आत्ताही बोटीवर. काकांनी ओटीवर पाट मांडून मला बाराखडी शिकवली, पाढे शिकवले, नकाशा भरायला शिकवला. मग अंगणात पळायला लावलं. "डॉक्टरांनी हात टेकलेली पोर, मी पळवून पळवून जगवली," असं ते आल्यागेल्याला सांगतात. लहानपणी हे ऐकताना मला आपण कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं.

दुखतंय ते उजव्या पावलावर, मधल्या बोटांच्या मागे, वरच्या बाजूने. वनरक्षक भरतीची धाव १० फेब्रुवारीला आहे. लेखीत मला बरे गुण पडलेत. धावले तर नोकरी, नाही तर मारुती मंदिराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आत्ता उभी आहे तशीच उभी राहीन.

२४ डिसेंबर, बुधवार

थंडी पडली. बाजारात जो तो खूश, आंब्याला मोहर धरणार म्हणून. आमच्या दुकानात आधारकार्डाची प्रत काढायला आलेला बागायतदार म्हणाला, "आणखी पडू दे, कुडकुडायला आमची तयारी आहे."

पहाटे सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, गेलो. वर वारा अंगाला लागतो, गवत वाळलेलं पण दहिवराने ओलं, आणि कातळ इतका गार की पहिल्या फेरीत पायाची बोटं आपली वाटतात, दुसऱ्या फेरीत दुसऱ्या कुणाची तरी. आमच्या बुटांचा तळ घावनाइतका पातळ. खालचा खडा न् खडा कळावा, पाय जागा राहावा, म्हणून काकांच्या धावण्याच्या वर्गात सगळ्यांना असलेच बूट. आज मात्र दुसऱ्या फेरीनंतर खडा कळेना. आणि दुखणंही गेलं! शेवटची फेरी मी सगळ्यांत पुढे होते.

खाली उतरल्यावर ऊन आलं, पाय उबेला लागले आणि पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जास्त. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, थंडीत दुखत नाही. हाड दुखत असतं तर थंडीत जास्त दुखलं असतं. म्हणजे दुखणं पायात नाही, मनात आहे." मला ऊन सोसत नसावं. चाचणी सकाळी लवकर ठेवली तर बरं.

२८ डिसेंबर, रविवार

आज वर्गात दोन नवी माणसं. काकांनी त्यांना माझे पाय दाखवले, म्हणजे मला कातळावर उभं केलं आणि पावलांचा व्हिडिओ काढला. मग नेहमीचं बोलले. आपल्या वाडवडिलांनी उभा जन्म कातळावर अनवाणी काढला, आपले पाय कातळाचेच आहेत, जाड बुटांनी ते लोण्याचे केले. बोलतात छान. श्रुती तर ऐकताना मान डोलवत असते. ती राजापूरची, इथे खोली घेऊन राहते. तीही वनरक्षकालाच आहे. आम्ही दोघी एकाच यादीत आहोत हे आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

घरी येऊन मी वाडवडिलांचं आईला सांगितलं. ती नारळ खवत होती.

"तुझे आजोबा अनवाणी जायचे, कारण चप्पल नव्हती," ती म्हणाली. "पहिली मिळाली ती देवळातसुद्धा पायातून काढीनात. भटजी ओरडले, तेव्हा काखेत धरून दर्शन घेतलं."

"पण ते वीस-वीस मैल चालायचे ना?"

"चालायचे. पळताना नाही कोणी बघितले. भावोजींना सांगू नको हां मी असं म्हणाले ते."

काका हल्ली स्वतः धावत नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या टाचेला थंडी बाधते, म्हणून मोटारसायकलने आमच्या बाजूने येतात. गाडीवर वारा लागतो म्हणून पायात जाड बूट घालतात. ते बरोबरच आहे, गाडीवर बसलेल्याला पाय जागा ठेवायची काय गरज.

३१ डिसेंबर, बुधवार

माझ्या भावाचा, निलेशदादाचा, लोट्याहून फोन. सेकंड शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमध्ये होता, मागे कोणीतरी गाणी लावली होती.

"काय अक्षे, अजून साल बांधून धावतेस काय?"

"साल नाही रे, बूट आहेत."

"आम्हांला सेफ्टी शूज नसले तर गेटातून आत घेत नाहीत. बसून करायचं काम असलं तरी. आणि तू कातळावर! काकाला म्हणावं, एक दिवस आमच्या प्लँटवर ये अनवाणी. उभ्या जन्माचा कातळ आठवेल."

मी हसले. दुखण्याचं सांगितलं नाही. दुखणं सांगत सुटलं की वाढतं, असं काका म्हणतात. शिवाय दादा लगेच घरी फोन करून भांडेल आणि मग आईला त्रास. पण न सांगणं हे खोटं बोलणं झालं का? त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

आज थंडीतही दुखलं.

काका म्हणाले पाऊल चुकीचं पडतंय, टाच टेकते, चवड्यावर उतरत नाही. दुपारी दुकानातून आल्यावर परसात अर्धा तास नुसती पावलं टाकायचा सराव केला. कपाटाचा आरसा बाहेर आणून जमिनीवर ठेवला होता. मला टाच टेकलेली दिसली नाही, पण काकांना दिसली असेल तर टेकत असेल. मन लावून केलं पाहिजे. रात्री सूज इतकी होती की चपलेचा पट्टा लागेना. आईने हळद गरम करून लावली आणि वाटी घेऊन आत गेली.

पंचवीस तारखेला सड्यावर काकांच्या नव्या धावण्याच्या केंद्राचं उद्घाटन आहे. मुंबईचे धावणारे लोक येणार. मी सगळ्यांत पुढे धावायचं. फलकावर माझा लहानपणीचा फोटो लावणार आहेत, मफलर गुंडाळलेला, आणि शेजारी आत्ताचा.

८ जानेवारी, गुरुवार

हे नीट, जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी मासळी घ्यायला गेले. मथुराबाईंकडे बांगडे चांगले होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघून नेहमीचं सुरू केलं, "काय गो बाय, आजपण मोज्यांवरच आलीस? लग्नात तरी बूट घाल हो, नाहीतर नवऱ्याला वाटेल चोरीला गेले." मी म्हटलं, बूटच आहेत हे. त्या म्हणाल्या, "मग दुकानदाराने तुला तळ द्यायचा ठेवला."

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "तू सुहासची पुतणी ना?"

हाडांचे डॉक्टर होते. हातात पिशवी, त्यातून सौंदाळ्याची शेपटी बाहेर आलेली.

"अगो, तू चालत कशी आलीस?"

मी म्हटलं, बसने आले, स्टँडवरून चालत.

"चालत? तुला सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "थोडी सूज आहे असं तुम्ही..." आणि थांबले, कारण ते वाक्य डॉक्टरांचं नव्हतं हे मी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. "सूज नाही, हाड तडकलंय. पावलातलं. सुहासला मी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. काठी घ्या म्हटलं, जाड तळाचा बूट घ्या म्हटलं, धावणं पूर्ण बंद. तू धावत नाहीयेस ना?"

"सकाळी बारा किलोमीटर," मी म्हटलं.

डॉक्टर कुणाला तरी शिवी देणार होते ती त्यांनी गिळली. मथुराबाईंनी बर्फाची रिकामी पेटी पालथी घातली आणि मला दंड धरून खाली बसवलं. "बस आधी. बांगडे पळत नाहीत."

मी डॉक्टरांना म्हटलं, काका विसरले असतील. किंवा त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

डॉक्टर म्हणाले, "त्याने मला उलट विचारलं, फेब्रुवारीपर्यंत बरं होईल काय. मी म्हटलं, आजपासून बसली तर होईल. एवढं ऐकू आलं ना त्याला? आणि थंडीत बधिर होतं म्हणून धावत असशील तर ते आणखी वाईट. दुखतं तेव्हा पाय सांगत असतो. तू त्याचं तोंड बांधलंस."

रिक्षाने घरी आले. बांगडे मथुराबाईंकडेच राहिले.

९ जानेवारी, शुक्रवार

काकांना विचारलं. सकाळी, ओटीवर, ते चहा घेत असताना. मी "तुम्ही खोटं बोललात का" असं विचारलं नाही, "डॉक्टर भेटले होते" एवढंच म्हटलं. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"मग? म्हणाला असेल तडा आहे."

"हो."

"केसाएवढी रेघ आहे. मी बघितली. तुझ्या पायाला काय होतंय ते मला कळतं की त्याला? त्याला सहा आठवडे याच्याशिवाय आकडा येत नाही. शाळेतही गणितात काठावर होता."

"पण तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर घाबरली असतीस. घाबरलेला पाय वाकडा पडतो." मग हळू आवाजात म्हणाले, "दम्याच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं होतं तुला? नाही ना? धावलीस, जगलीस. तेव्हा सांगितलं असतं तर आज तू भिंतीवर असतीस, हार घातलेली."

ज्याने आपल्याला जगवलं त्याला आपलं हाड मोडायचा हक्क पोचतो का? हे लिहिताना वेड्यासारखं वाटतंय, पण सकाळी ओटीवर बसून मी अगदी हाच विचार करत होते, आणि मान डोलवत होते.

शेवटी ते म्हणाले, "पंचवीसला फक्त पाच किलोमीटर. मग हवी तेवढी झोप."

"आणि दहा फेब्रुवारी?"

"त्या दिवशी थंडी असली की झालं."

डिसेंबरातच बसले असते तर चाचणीपर्यंत पाय बरा झाला असता. आता होणार नाही. हे त्यांना कळत नाही असं होणार नाही. माझ्या नोकरीसाठी धावणं चाललंय असं मी समजत होते. नोकरी त्यांच्या हिशेबात फलकावरच्या दोन फोटोंच्या मध्ये कुठेतरी होती.

११ जानेवारी, रविवार

धावले नाही. वर गेले मात्र, काठी घेऊन, आईच्या माहेरची. काकांनी वर्गाला सांगितलं की अक्षया उद्घाटनासाठी पाय राखून ठेवते आहे. टाळ्या वाजल्या.

मी काजूच्या झाडाखाली दगडावर बसले होते म्हणून दिसलं, नाहीतर मी पुढे असते आणि मागचे कधी दिसत नाहीत. ऊन आल्यावर श्रुतीने उजवा पाय बाहेरच्या कडेवर टाकायला सुरुवात केली. मी टाकायची तसाच. बाजूला घेऊन विचारलं, मधल्या बोटांच्या मागे दुखतं का? ती म्हणाली, "थंडीत नाही दुखत."

मी तिला सगळं सांगितलं. मासळीबाजार, डॉक्टर, फिल्म. ती खाली बसून बुटाची नाडी सोडवत होती. मग म्हणाली, "काका बोलले होते, तू असं काहीतरी सांगशील."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं बिनसलंय तर दुसरीचं चांगलं होतंय ते तुला बघवणार नाही. एकाच यादीत आहोत ना आपण. मी महिनाभर घरी बसले तर कोणाचा फायदा?"

"माझा नाही. माझं तर गेलंच."

"तेच म्हणाले ते. ज्याचं गेलं तो दुसऱ्याचं घालवतो."

आणि बुटाची नाडी बांधून ती पुढच्या फेरीला गेली. मला राग श्रुतीचा आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, बहुधा आणखी चांगल्या मराठीत, कारण मला काकांनी शिकवलं आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

काकांनी सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि जे म्हणायचं असतं ते म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. वाकताना काठी पडली, ती त्यांनीच उचलून दिली. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं.

दुपारी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "मला हळद लावतानाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे बाबा सहा-सहा महिने समुद्रात. या घरात मी भावोजींशी भांडून कुठे जाऊ? तुम्ही मुलं मोठी व्हायची होतात."

मी म्हटलं, आता झालो ना मोठी. आणि मग मनात होतं ते बोलून गेले, की त्यांच्याविरुद्ध तोंड तरी कसं उघडू, त्यांनी मला पळवून जगवलं.

आईने हलव्याचे दाणे निवडायला घेतले. मग म्हणाली, "पळून कुठे दमा बरा होतो, गो?"

"म्हणजे?"

"तुला सकाळी न्हाणीघरात नेऊन वाफ द्यायचे, आठवतं? तोंडावर मुखवटा लावून?"

आठवतं. मी त्यात गाणं म्हणायचे, आवाज घुमायचा.

"ती वाफ नव्हती. औषध होतं. डॉक्टरांनी दिलेलं. चार वर्षं दिलं मी, एक दिवस चुकवला नाही. भावोजींना औषधाचं नाव काढलेलं खपत नव्हतं, म्हणून वाफ म्हणायचं ठरवलं."

"काकांना अजून माहीत नाही?"

"नाही. त्यांना वाटलं पळून बरी झालीस. वाटू दे म्हटलं. घरात शांतता राहिली."

ती शांतता मी सड्यावर पायाने तुडवत होते. काकांच्या समजुतीत त्यांनी पहिल्या मुलीला, मला, औषधाशिवाय बरं केलं, म्हणून तडकलेलं हाड ते धावून बरं करायला निघाले, आणि आता श्रुतीचंही. ते खोटं बोलतात ते एका खऱ्या वाटणाऱ्या गोष्टीच्या जोरावर, आणि ती गोष्ट आईने त्यांना दिली. आईवर रागवायचं तर त्याच आईने मला श्वास दिला. मी पानभर कोणावर रागवावं ते शोधलं. सापडले सगळेच.

१५ जानेवारी, गुरुवार

पहाटे श्रुती आमच्या घरावरून सड्याकडे गेली. अजून चढताना लंगडत नाही. सूजच असेल, तडा गेला नसेल. आत्ता थांबली तर १० फेब्रुवारीला धावू शकेल. मी नाही. तिला नोकरी लागेल, आणि काकांच्या वर्गामुळे लागली असं ती सांगेल. सांगू दे.

वर्गासमोर सगळं सांगायची तारीख ठरवत होते. काल रात्रीपासून पंचवीस डोक्यात होती. मुंबईचे पाहुणे, फलक, काकांचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि मी काठी टेकत माइककडे जाते. ते चित्र मला फार आवडायला लागलं. मग विचार केला, हे मी श्रुतीच्या पायासाठी करते आहे की काकांचा चेहरा पडलेला बघायला? दोन्हीसाठी. म्हणून पंचवीस नको. आणि तोवर श्रुतीचा पाय जाईल.

डॉक्टरांना दुकानातून फोन केला. मी बोलल्यावर वर्गातल्या कोणी विचारलं तर तुम्ही खरं सांगाल ना, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "सड्यावर येऊनच सांगतो. पण पहाटे एवढ्या थंडीत?" मी म्हटलं, त्याच वेळेला हवं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि हो म्हणाले. वाफेचं मी सांगणार नाही, ते आईचं आहे. तिला हवं तेव्हा ती सांगेल, किंवा नाही सांगणार. मी फक्त माझ्या पायाचं सांगेन, फिल्मवर काय होतं, मला काय सांगितलं गेलं. नंतर काका माझ्याशी बोलणार नाहीत. आई मागल्या दारी जाऊन उभी राहील. बाबांचा फोन आला की त्यांना कळेल की मी घर मोडलं.

वर्ग जमल्यावर, फेरी सुरू व्हायच्या आधी, पाय बधिर व्हायच्या आधी. रविवार, १८ जानेवारी.